रंभाबाईची कसरत

रोवणीचे दिवस रंभाबाईला आवडत. गावातल्या बाकी बायका रोवणीला वैतागून जात. दिवसभर वाकून चिखलात धानाच्या रोपांचे पऱ्हे लावायचे, पाय पाण्यात कुजायचे, कंबर मोडून जायची. कंबर रंभाबाईचीही मोडायचीच. पण पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांधीत सगळ्यांचीच लुगडी भिजलेली असत. कुणाचं लुगडं कशानं ओलं झालं हे कुणी पाहत नसे. वर्षातले तेवढेच दिवस ती चार बायकांत मिसळून वावरायची.

बाकीचं वर्ष ती बाजूबाजूनं राहायची.

चामोर्शीहून रानाच्या अंगाला गेलं की मोहाची झाडं लागतात, त्यांच्या पुढे एक तलाव आणि तलावाच्या पाळीखाली हिवरबोडी हे गाव. तिथं रंभाबाई लग्न होऊन आली आणि तिथंच म्हातारी झाली. नवरा मुखरू कमी बोलणारा. मुलगा लटारू शेतीत, सून कमळा घरात आणि शेतातही. रंभाबाईनं नऊ बाळंतपणं काढली होती, त्यातली चार पोरं जगली. पुरता आराम तिला एकाही बाळंतपणात मिळाला नाही. शेवटचं पोर तर धानकापणीच्या ऐन गर्दीत झालं. बाजेवरून उठली आणि डोक्यावर धानाचे भारे वाहायला लागली. त्याच सुमारास हे सुरू झालं.

आधी नुसतं खोकलं की थोडं लुगडं ओलं व्हायचं. मग शिंकलं की. मग पाण्याचा गुंड उचलला की. पाळी गेल्यावर तर लघवी लागल्याची जाणीव व्हायची आणि उठून आडोसा गाठेपर्यंत काम होऊन जायचं. तिच्या आईलाही म्हातारपणी असंच होतं. आई कोपऱ्यात पोतं टाकून बसून राहायची आणि पोरं नाक धरून पळायची.

तिनं कुणाला सांगितलं नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या करून लावायची, पहाटे बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, जाऊन धुवायची आणि कुणाला दिसू नयेत म्हणून गोठ्यामागच्या कुंपणावर वाळत टाकायची. वैशाखातही घोटभरच पाणी प्यायची. त्यानं लघवीला जळजळ व्हायला लागली, कधी ताप भरायचा, पण पाणी प्यायलं की पुढचं सगळं आलं, म्हणून ती तहान मारून टाकायची. गाय व्यायला झाली आहे असं म्हणून एका वर्षी ती गोठ्यात झोपायला गेली. गाय व्याली, वासरू मोठं झालं, पण रंभाबाई घरात झोपायला परत आली नाही. लग्नाला, बारशाला जायची ती दारातूनच परतायची. लोक म्हणायचे, म्हातारी आता माणूसघाणी झाली.

मुखरूला कळलं होतं की नाही, हे तिला कधी समजलं नाही. एकदा त्यानं बांबू चिरून गोठ्याच्या मागेच तट्ट्याचा आडोसा केला, खाली सपाट दगड बसवला.

"हे कायले?" तिनं विचारलं.

"मले लागते. दूर जानं होत नाई आता," तो म्हणाला. पण तो स्वतः कधी तिकडे गेलेला तिनं पाहिला नाही.

सत्तावन्न साली महाशिवरात्रीला कमळानं हट्ट धरला. मार्कंड्याच्या जत्रेला सगळ्यांनी जायचं. रंभाबाई कितीतरी वर्षांत गेली नव्हती. "माह्ये पाय दुखते," असं तिनं सांगून पाहिलं. लटारू म्हणाला, "पायी कोन नेते तुले? बंडी हाय ना." अखेर ती बंडीत बसली. बंडीत शेजारच्या बायका, त्यांची लेकरं, भाकरीची गाठोडी. जागा नव्हती म्हणून कमळानं आपली थोरली पोर सुकरी सासूच्या मांडीवर दिली. पोर चार वर्षांची. वाऱ्यानं तिला झोप लागली.

नाल्याच्या उतारावर बैल उधळले आणि बंडी दगडावरून आदळली. त्या एका हिसक्यात रंभाबाईचं सगळं सुटलं. घडी लावलेली होती, पण ती कुठवर पुरणार? लुगडं भिजलं, मांडीवरच्या पोरीचा परकर भिजला, खालचा पेंढा भिजला. आणि वास आला.

कमळानं पोरीचा परकर चाचपला आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. "एवढी घोडी झाली, सांगता येत नाई तुले? आजीचं लुगडं खराब केलं!"

पोर दचकून उठली. "मी नाई मुतली, माय. मी नाई," ती रडत म्हणत राहिली. बायका हसल्या. खोटं बोलते म्हणून कमळानं आणखी एक दिली.

रंभाबाईचं तोंड उघडलं नाही. उघडायला पाहिजे हे तिला त्याच क्षणी कळत होतं. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि नदी येईपर्यंत खाली मान घालून बसली. मार्कंड्याला पोचल्यावर सगळे देवळात गेले. ती वैनगंगेच्या पाण्यात लुगड्यासकट बसली आणि मग ओल्यानंच सामानापाशी थांबली. जत्रेचा आवाज येत होता. दर्शनाला चल म्हणून मुखरू दोनदा बोलवायला आला. ती उठली नाही.

त्या दिवसापासून सुकरी आजीच्या मांडीवर बसेना. तिला कारण ठाऊक नव्हतं, पण त्या मांडीवर मार बसला होता एवढं तिच्या ध्यानात राहिलं होतं.

चैत्र संपता संपता विकास गटाच्या दवाखान्यातली नर्स गावात आली. तिचं नाव वच्छला. कमळा तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होती, तिला तपासायला ती आली होती. बाई मूळची ब्रह्मपुरीकडची, नवरा लवकर गेलेला, मिशनच्या दवाखान्यात शिकून नोकरीला लागलेली. गावोगाव पायी हिंडून तिच्या टाचा फुटल्या होत्या. कमळाला तपासून झाल्यावर ती गोठ्याच्या सावलीत येऊन बसली, चपला काढल्या आणि डोळे मिटून घेतले. रंभाबाईनं तिच्यापुढे चहाची कपबशी ठेवली.

नर्सनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. सुकलेले ओठ पाहिले. कुंपणावर वाळणाऱ्या घड्या पाहिल्या. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "रंभाबाई, खोकललं की लघवी होते काय तुमाले?"

"नाई वो. मले कायले होईन?"

"किती वर्षं झाली?"

रंभाबाईनं घराकडे पाहिलं. गाय रवंथ करत होती. घरातून कमळाच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "हा लटारू शेंबडा होता, तवापासून. वाढतच राह्यलं. यावर गोळी असन तर देऊन टाका, बाई. कडू असली तरी खाईन."

"गोळी नाई यावर. कसरत हाय."

रंभाबाईला हसू आलं, पण ते हसू काही बरं नव्हतं. "जलमभर कसरतच केली, बाई. भारे वाह्यले, जातं ओढलं, लेकरं वाह्यली. अजून कोनती ऱ्हायली?"

"ती बाहेरची. ही आतली हाय," नर्स म्हणाली. "लघवी करताना मधातच धार थांबवाची म्हटलं तर आतून जे ओढून धरता ना, तेच. एकदा करून पाहा, कोनती जागा हे समजण्यापुरतं. पन रोज लघवी करताना नका करू, त्यानं नुकसान होते. मोकळ्या वेळी करायचं. आतून वर ओढायचं, धरून ठेवायचं, मंग सोडायचं. लेकरं झाली की तिथलं मांस सैल पडते. हाताचं मांस कामानं घट्ट होते, तसंच तेही होते."

"या वयात?"

"या वयातही. पन महिने लागतीन. आन पुरतं जाईनच असं मी सांगत नाई."

नर्सनं चहा संपवला, पाणी भरपूर पीत जा म्हणून बजावलं आणि पुढच्या गावाला निघून गेली.

रंभाबाईनं करून पाहिलं. दुपारी गोठ्यात आडवी पडून तिनं दातओठ खाल्ले, श्वास कोंडला, पोट आत ओढलं, मांड्या आवळल्या. डोक्यात घणघण व्हायला लागलं. चारसहा दिवस असं केल्यावर कंबर जास्तच दुखायला लागली आणि गळणं काही कमी झालं नाही. उलट एकदा जोर लावतानाच सुटलं. मग तिनं सोडून दिलं. तिला राग आला, नर्सचा नाही, स्वतःचाच. या वयात असल्या गोष्टीची आशा धरली म्हणून. शिकलेल्या बाईला सांगायला सोपं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग तिनं त्या नर्सच्या फुटलेल्या टाचा आठवल्या आणि तो विचार टाकून दिला.

जेठात कमळा बाळंत झाली. मुलगा झाला. बाळबाळंतिणीला पाहायला नर्स आली, तेव्हा परत जाताना ती गोठ्याकडे वळली.

"करता ना?"

"नाई. होत नाई मह्यानं."

नर्सनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिला अजून दोन गावं करायची होती आणि आभाळ भरून आलं होतं. तिनं एक सुस्कारा टाकला, हात धुतले, गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि रंभाबाईला बाजेवर झोपवून तपासलं. रंभाबाईनं लाजेनं पदर तोंडावर घेतला.

"आता ओढा," नर्स म्हणाली. "अं हं. हे पोट हाय. पोट सैल सोडा. मांड्या सैल सोडा. श्वास चालू ठेवा, कोंडू नका. चार लोकांत बसल्यावर वारा सुटू नये म्हनून मागून कसं आवळता? तसंच, पन समोरपर्यंत. हं, आता!"

आत कुठंतरी, अगदी थोडंसं, काहीतरी हललं. रंभाबाईला ते इतकं परकं वाटलं की ती पदर बाजूला करून नर्सकडे पाहतच राहिली.

"तेच. तेच ते," नर्स म्हणाली. "हाय अजून जीव त्यात. मनातल्या मनात कुणाचीबी नावं घ्या, तोवर धरून ठेवा. मंग तेवढाच इसावा. आधी पडून करा, जमलं की बसून, मंग उभ्यानं. आन खोकला येते असं वाटलं की खोकलायच्या आधी ओढून धरा."

आवरून ती निघाली. बोडीच्या पाळीवर तिला पावसानं गाठलं. छत्री वाऱ्यानं उलटी झालेली लांबून दिसत होती.

कोणाची नावं घ्यायची असा रंभाबाईला प्रश्न पडला. देवांची घ्यायला तिला संकोच वाटला, हे असलं काम करताना. मग तिनं आपल्या पोरांची घेतली. जगलेल्यांची आणि न जगलेल्यांचीही, ज्या क्रमानं झाली त्या क्रमानं. त्यांतल्या दोघांची तर नावंही ठेवायची राहिली होती, त्यांच्या जागी ती 'एक बाळ' म्हणायची. सुरुवातीला पहिल्या नावापाशीच सगळं ढिलं पडायचं. दुसरं नाव घेईपर्यंत हातात काही उरायचं नाही.

त्या वर्षीची रोवणी जड गेली. कमळा बाजेवर होती, तिचंही काम रंभाबाईच्या अंगावर आलं. संध्याकाळी चिखलाचे पाय धुवून ती चुलीपाशी बसायची तेव्हा हात उचलत नसे. त्यात ही आणखी एक राबणूक. कित्येकदा तिला वाटायचं, नको. एवढं आयुष्य गेलं तसं राहिलेलंही जाईल. पण दुपारी शेताच्या धुऱ्यावर सगळ्या बायका भाकरी खाऊन आडव्या व्हायच्या, तेव्हा तीही आडवी व्हायची आणि तोंडावर पदर घेऊन नावं घ्यायची. कुणाला वाटायचं म्हातारी देवाचं नाव घेते.

श्रावण गेला, भादवा गेला. काही फरक नाही. घड्या तेवढ्याच, बोडीवरचं धुणं तेवढंच. पाणी मात्र ती आता प्यायला लागली होती, आणि तेवढ्यानं जळजळ आणि ताप थांबला. बाकी काही नाही. धान निसवलं, पिवळं झालं. कधीतरी कापणीच्या दिवसांत तिच्या ध्यानात आलं की नावं चौथ्या पोरापर्यंत पोचतात. ते चौथं पोर तापानं गेलं होतं. त्याच्या नावापाशी ती थांबायची आणि तिथंच सगळं सुटायचं. तिथून पुढं जायला तिला बरेच दिवस लागले.

पौषात चुरणं चाललं होतं. गोठ्याजवळच्या खळ्यावर बैल फिरत होते, धानाचा भुसा उडत होता. रंभाबाईच्या नाकात भुसा गेला आणि तिला शिंका आल्या, एकामागून एक. शिंका थांबल्या तशी ती सवयीनं खळ्याबाहेर निघाली, आडोसा गाठला, घडी काढून पाहिली. कोरडी होती. तिनं हात फिरवून पुन्हा पाहिलं. कोरडी. शिंकेच्या आधी आपण आतून ओढून धरलं हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं ठरवून केलं नव्हतं, आपसूकच झालं होतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती तिथं तट्ट्याआड दगडावर बसली आणि रडली. किती वर्षांची लग्नं, बारशी, किती जत्रा, मुखरूच्या शेजारची झोप! सगळं या एवढ्याशा गोष्टीपायी गेलं होतं, आणि इतकी वर्षं तिला ही गोष्ट सांगायला कुणी नव्हतं. खळ्यावरून लटारूनं हाक मारली. तिनं डोळे पुसले आणि सूप उचलायला गेली.

पुढं सगळं नीट झालं असं नाही. डोक्यावर भारा घेतला की अजूनही ओलं व्हायचं. थंडीत खोकला धरला तर घडी लावावीच लागायची. पण आडोसा गाठेपर्यंत दम निघायला लागला. माघात ती गोठ्यातून घरात झोपायला आली. मुखरूनं बाजूला सरकून तिला जागा दिली आणि विचारलं, "गाय कशी हाय?"

"बरी हाय," ती म्हणाली. तेवढंच बोलणं झालं.

कमळाचं तिच्या ध्यानात आलं ते त्याच दिवसांत. कमळा ढेकीवर धान कांडत होती. खोकल्याची उबळ आली तशी ती पाय जुळवून थांबली, मान खाली घातली आणि काम अर्धवट टाकून घरामागं गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बोडीवर रंभाबाईला ती एकटी धुणं धुताना दिसली. हातात जुन्या लुगड्याची घडी होती. सासूला पाहताच तिनं ती पाण्यात बुडवून धरली.

रंभाबाई तिच्या शेजारी दगडावर बसली. पाणी बर्फासारखं होतं.

"कमळे, मलेबी हे हाय. तुह्या नवऱ्याच्या लहानपणापासून."

कमळानं वर पाहिलं नाही.

मग रंभाबाईनं सांगितलं. नर्सचं, कसरतीचं, सगळं. आणि सांगता सांगता ती मार्कंड्याच्या वाटेपर्यंत आली. "त्या दिवशी बंडीत ते मह्यानं झालं होतं. पोरीनं नाई."

आता कमळानं वर पाहिलं.

"मी पोरीले मारली," ती म्हणाली. "खोटारडी म्हनली तिले. अजून म्हनते कधी कधी. तुमी पाह्यत होत्या, बाई. काऊन नाई बोलल्या?"

"लाज वाटली."

"आन तिची लाज?"

कमळानं घडी पिळली, गुंड उचलला आणि निघून गेली.

त्या दिवशी दुपारी कमळानं पोरीला जवळ घेऊन काहीतरी सांगितलेलं रंभाबाईला दुरून दिसलं. पोर आजीकडे पाहत होती. नंतर ती गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, तूच मुतली होती?"

"हो वो माय. मीच."

सुकरी खदाखदा हसली आणि ही बातमी शेजारी सांगायला पळाली. सांजेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं. ज्या गोष्टीच्या भीतीनं रंभाबाईनं अर्धं आयुष्य काढलं, ती अशी एका दुपारी झाली. बायका दोन दिवस तोंडावर पदर धरून हसल्या. तिसऱ्या दिवशी शेजारची सुगंधाबाई मीठ मागायला आली, ती उगाच बसून राहिली, आणि शेवटी हळूच म्हणाली, "रंभे, ते नर्सबाईनं काय सांगतलं होतं, मलेबी सांग ना."

नर्सची तोवर सिरोंच्याला बदली झाली होती. तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. तेव्हा रंभाबाईनंच सांगितलं, तिला जेवढं कळलं होतं तेवढं. काहींना गुण आला. एकीची पिशवी खाली सरकून अंगच बाहेर येत होतं, तिला नुसत्या कसरतीनं काही झालं नाही. रंभाबाईनं तिच्या घरच्यांना सांगून तिला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायला लावलं.

कमळा मात्र बरेच दिवस तिच्याशी कामापुरतीच बोलली. वाढायची, पाणी द्यायची, पण नजर द्यायची नाही. रंभाबाईनंही तिची मनधरणी केली नाही. तिचा राग खरा होता. सुकरी मांडीवर येऊन बसायला लागली होती, तेवढं पुरे होतं.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. एका दुपारी रंभाबाई माजघरात चटईवर पडून नावं घेत होती, तर कमळा आली. तान्ह्याला कडेवरून खाली ठेवलं आणि न बोलता शेजारी आडवी झाली. सकाळपासून तिनं पाणी भरलं होतं, मोहफुलं वेचून आणली होती, रांधलं होतं.

"सांगा," ती छताकडे पाहत म्हणाली.

"पोट सैल सोड. श्वास कोंडू नको. आता आतून ओढ. मनात पोरांची नावं घे, माही तर नवापर्यंत जाते."

"माही तीनच हायेत."

"तीनच लई झाली. तेवढं धर. मंग सोड. मंग पुन्हा."

कमळानं दोनतीनदा केलं. चौथ्यांदा रंभाबाईनं 'ओढ' म्हटलं तर उत्तर आलं नाही. तिनं मान वळवून पाहिलं. कमळाचा डोळा लागला होता. तोंड उघडं पडलं होतं, हात बाजूला पसरले होते. तान्हं पोर चुळबुळ करायला लागलं. ते रडायच्या आत रंभाबाई कंबरेवर हात ठेवून उठली, त्याला उचललं, आणि कमळाला झोपू द्यावं म्हणून दार लोटून बाहेर अंगणात घेऊन गेली.